नेरूरकरांच्या बोटीवरचं तवसं

प्लॅस्टिकचं तवसं चौदा वर्षं टिकलं, हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष होता. खरं तवसं असतं तर पाचव्या दिवशी चिरून खाल्लं असतं, विषय संपला असता. हे दर वर्षी विसर्जनानंतर पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून बेसमेंटमध्ये ठेवावं लागे.

टोरंटोजवळच्या मार्कहॅमच्या नेरूरकरांकडे गणपतीत फॅमिली रूमच्या कोपऱ्यात, मूर्तीच्या बरोबर वर, राजन एक लाकडी चौकट टांगायचा आणि सुनेत्रा तिला फळंभाज्या बांधायची. कुडाळकडे हिला माटवी म्हणतात. पावसाळ्यात रानात आणि परसात जे जे पिकतं ते देवाच्या डोक्यावर लटकलं पाहिजे, नारळ, सुपारीचे घोस आणि मधोमध एक जाडजूड तवसं. तवसं म्हणजे काकडीच, पण कोकणातली, बाळासारखी पोटाशी धरून उचलावी लागते अशी. इथल्या ग्रोसरीत मिळणारी सडपातळ काकडी माटवीला बांधली तर देवाला वाटेल की आपल्याला डाएटवर ठेवलंय. म्हणून प्लॅस्टिकचं.

मागच्या वर्षी स्काइपवर दर्शन घेताना राजनच्या थोरल्या बहिणीने, उमाताईंनी, कुडाळहून कॅमेऱ्यात डोळे घालून ते तवसं न्याहाळलं आणि विचारलं, "काय गो सुनेत्रा, गणपती तरी मातीचा आहे ना?"

सुनेत्रा हसली. नणंदेच्या बोलण्यावर हसायचं असतं. पण ते वाक्य तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं ते अडकलंच. भाताचे मोठे मोठे घास गिळून काटा जातो. वाक्याला असा उपाय नाही. वर मार्चमध्ये उमाताईंनी कुणाच्या तरी बॅगेतून मालवणी मसाला पाठवला, त्या पुडीत आणखी एक बारकी पुडी, आणि तिच्यात सात बिया. चिठ्ठी नाही. चिठ्ठीची गरजही नव्हती.

यंदा माटवीला खरं तवसं लागेल, असं सुनेत्राने त्या दिवशी ठरवलं. दोन हजार अकरा साल, वय अठ्ठेचाळीस, बागकामाचा अनुभव म्हणजे एक तुळस, तीही दर हिवाळ्यात मरणारी.

मागच्या अंगणात शेजारच्या मेपलची गर्द सावली. ऊन म्हणाल तर ते फक्त पुढे, ड्राइव्हवेच्या कडेला असलेल्या दीड हात मातीच्या पट्टीत. तिथे तिने मे महिन्याच्या लाँग वीकेंडला बिया पेरल्या. सातांतल्या पाच रुजल्या. जूनच्या उन्हात वेलींनी जो काही जोर धरला, तो बघून येणारेजाणारे थांबायला लागले. पिवळीधमक फुलं. काही फुलांच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवली इवली तवशी. सुनेत्रा रोज सकाळी ती मोजायची आणि रोज संध्याकाळी त्यातली दोनतीन पिवळी पडून खाली गळलेली असायची.

सल्ले आपोआप आले. सल्ल्यांना खतपाणी लागत नाही.

शेजारच्या मिसेस लाउ म्हणजे बागकामातलं मोठं प्रस्थ. त्यांनी स्वतःच्या पुढच्या अंगणात एक जुना बाथटब ठेवून त्यात पालेभाजी लावली होती आणि ती भाजी सुनेत्राच्या तुळशीपेक्षा जास्त आदराने वागवली जाई. त्या म्हणाल्या, "नो बी. बॉय फ्लॉवर, गर्ल फ्लॉवर, नो मीट. यू यूज ब्रश." म्हणजे सगळीकडे गुळगुळीत हिरवळी, रानफूल औषधालाही नाही, मग मधमाश्या येणार कशाला? तेव्हा भटजीचं काम सुनेत्रानेच करायचं. तिने लेकीचा, ऊर्मीचा, गालाला रंग लावायचा ब्रश उचलला आणि दोन आठवडे रोज सकाळी सहा वाजता, गाऊनवर शाल घेऊन, ड्राइव्हवेच्या कडेला बसून ती फुलांची लग्नं लावत राहिली. कुत्रं फिरवायला निघालेल्या एका गृहस्थाने तर रस्ता ओलांडून पलीकडची बाजू धरली.

तवशी गळतच राहिली. शेवटी मिसेस लाउंनी येऊन तपासणी केली तेव्हा कळलं, की सुनेत्राने पंधरा दिवस नरफुलांची लग्नं नरफुलांशीच लावली होती.

"इट्स लीगल हिअर, मॉम," ऊर्मी म्हणाली. ऊर्मी पंधरा वर्षांची. तिला आईच्या बागेपेक्षा ब्रशचं दुःख जास्त होतं.

दुसरा सल्ला पुष्करचा. पुष्कर पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, दोन गल्ल्या सोडून राहणारा. त्याचं प्रत्येक वाक्य 'बेसिकली'पासून सुरू होतं आणि दुसऱ्याच्या खर्चाशी संपतं. "बेसिकली, वहिनी, तुम्ही मधमाश्या पाळा. एक पेटी ठेवायची. मधही मिळेल." सुनेत्राने चौकशी केली. पेटी शेजाऱ्याच्या हद्दीपासून तीस मीटर लांब हवी, असा नियम निघाला. नेरूरकरांचं अख्खं मागचं अंगण अकरा मीटर. तीस मीटर मोजायचे तर ती पेटी मिसेस लाउंना ओलांडून त्यांच्या पलीकडच्या घरातल्या वॉशरूममध्ये ठेवावी लागली असती.

हे चालू असतानाच राजनने बोट आणली.

राजन हा तसा निरुपद्रवी माणूस. एका कंपनीत पंपांची डिझाइनं करतो, वीस वर्षांत त्याने घरात स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही. पण ऑफिसातला डग नावाचा सहकारी रिटायर होताना त्याला चौदा फुटी अॅल्युमिनियमची जुनी बोट ट्रेलरसकट देऊन गेला आणि वॉलाय नावाच्या माशाचं वेडही. वॉलाय हा तळ्यातला मासा. पांढरे डोळे, मोठे दात. ऑगस्टच्या लाँग वीकेंडला, म्हणजे तीस जुलैच्या शनिवारी, डगबरोबर उत्तरेच्या तळ्यावर जायचं ठरलं होतं. तीच तारीख का? तर राजनने भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवला होता, आषाढ अमावस्या. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. श्रावण पाळायचा, मागून गणपती, म्हणजे सप्टेंबरात विसर्जन होईपर्यंत घरात मासा नाही.

"गोड्या पाण्यातला मासा," सुनेत्रा म्हणाली. "जन्मात मीठ न बघितलेला."

"सगळे म्हणतात, अगदी सरंग्यासारखा लागतो."

"सगळे म्हणजे कोण? डग? त्याने आपल्या समुद्रातला सरंगा बघितलाय?"

 संध्याकाळी राजन मागच्या हिरवळीवर गळ फेकायचा सराव करू लागला. मासे धरायचं लायसन्स आलं. बोट चालवायची परीक्षा त्याने संगणकावर दिली, शंभरपैकी सत्त्याण्णव मिळाले, ते कार्ड त्याने पाकिटात ऊर्मीच्या फोटोपुढे ठेवलं. बोट ड्राइव्हवेवर, मातीच्या पट्टीला खेटून उभी राहिली. तिच्यामुळे सुनेत्राच्या वेलींवर सकाळचं ऊन अर्धा तास उशिरा पडू लागलं, याबद्दल घरात जे बोलणं झालं ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

श्रीखंडाचं मात्र सांगायला हवं. मराठी घरात श्रीखंडाचा रिकामा डबा फेकत नाहीत. त्यात नंतर डोशाचं पीठ असतं, उरलेली आमटी असते, क्वचित श्रीखंडही असतं. एका दुपारी सुनेत्राने फ्रिज उघडला, आंबा श्रीखंडाचा डबा दिसला, चमचा घेतला, झाकण काढलं. आत ओल्या मातीत बोटभर लांब, जाडेजाडे, जिवंत गांडुळांचा गोतावळा. गळाला लावायला.

"थंड ठेवावी लागतात," राजन म्हणाला.

"माझ्या चमच्याने?"

"चमचा तूच घातलास ना."

असा तर्क करणाऱ्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. सुनेत्रा तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलावं लागलं, कारण बोटीत मधमाश्या शिरल्या.

नऊ जुलै, शनिवार, सकाळचे अकरा. सुनेत्रा वेलींना पाणी घालत होती. आधी आवाज आला, लांबून ट्रक येतो तसा. मग रस्त्यावरून एक काळपट धूर गिरक्या घेत आला, आणि तो धूर नव्हता. हजारो मधमाश्यांचा घोळका बोटीच्या टोकावर उतरला. टोकाशी एक बंद कप्पा होता, त्याला दोरी ओवायचं सुपारीएवढं भोक. त्या भोकातून सगळा घोळका पाऊण तासात रांगेने आत गेला. इतकी शिस्तशीर रांग सुनेत्राने मंडळाच्या जेवणातसुद्धा कधी बघितली नव्हती.

राजन हातात गळ घेऊन घरातून बाहेर आला आणि पायरीवरच थांबला.

"माझी लाइफ जॅकेटं आहेत त्यात," एवढंच तो म्हणाला.

आता जबाबदार नागरिकाने काय करावं? सुनेत्रा स्वतःला जबाबदार नागरिक समजत असे. सोमवारी सकाळी तिने गावाच्या ऑफिसला फोन केला, नीट नाव सांगितलं, नेरूरकरचं स्पेलिंग अक्षराअक्षराने सांगितलं, पत्ता सांगितला, आमच्या ड्राइव्हवेवर बोट आहे, तिच्यात मधमाश्या शिरल्यात, काय करायचं? पलीकडची बाई फार गोड बोलली. टाइप केल्याचा आवाज येत होता. मधमाश्यांचं आमच्याकडे नसतं, म्हणाली, पण नोंद केली आहे.

मग सुनेत्राने मधमाश्यांच्या खात्याला फोन केला. तिथल्या माणसाने विचारलं, किती पेट्या? एक बोट, सुनेत्रा म्हणाली. कागद चाळल्याचा आवाज आला. आमच्या फॉर्मवर बोट नाही, मॅम. कुणीतरी वॉल्टर नावाच्या एका मधपाळाचा नंबर दिला. म्हातारा भला होता. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आता त्यांनी आत पोळं बांधायला घेतलं असणार, अंडी असतील; कप्पा कापून काढायचा तर मला सध्या वेळ नाही, सप्टेंबरअखेर येतो. तोवर त्यांना त्रास देऊ नका, त्या देणार नाहीत.

त्रास कसला? तिसऱ्या दिवशी सुनेत्राने वेली बघितल्या आणि ती खालीच बसली. फुलाफुलात मधमाशी. आणि मागच्या इवल्या तवशांतलं एकही गळलेलं नाही. आठवड्याभरात पाच तवशी अंगठ्याएवढी झाली, मग वीतभर. सुनेत्रा सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर बसायची आणि त्या ये-जा करणाऱ्या मधमाश्यांकडे, सासुरवाडीला जावई आल्यावर सासू बघते तसं बघायची. चहात साखर जास्त पडलीय का, याचंही तिला भान नसे.

राजनही पायरीवर बसायचा. तो बोटीकडे बघायचा.

आणि त्या पहिल्याच गुरुवारी नोटीस आली. दाराला चिकटवलेली. निवासी घराच्या पुढच्या भागात बोट उभी करता येत नाही. तक्रार आल्यावरून कळविण्यात येते की ती एकोणतीस जुलैपर्यंत हलवावी.

तक्रार आल्यावरून.

सुनेत्राच्या संतापाला आता जागा पुरेना. कुणी केली तक्रार? समोरचा दाढीवाला, जो नाताळचे दिवे मार्चपर्यंत काढत नाही? कुत्रेवाला गृहस्थ? मिसेस लाउ? चार दिवस तिने गल्लीत कुणाकडे बघून हात हलवला नाही. मिसेस लाउंनी आणून दिलेली पालेभाजी तिने "थँक यू" म्हणून घेतली, पण त्या थँक यूमध्ये किती बर्फ होता ते मिसेस लाउंनाही जाणवलं असावं. त्या दुसऱ्या दिवशी दुप्पट भाजी घेऊन आल्या. पुष्कर म्हणाला, "बेसिकली, वहिनी, हा जेलसीचा प्रकार आहे." पहिल्यांदाच त्याचं म्हणणं तिला पटलं.

त्यातच रॅकून आला, रात्री कचऱ्याचे डबे उपसत फिरणारा इथला मांजराएवढा चोर. एका रात्रीत पाचांतली चार तवशी कुरतडून, अर्धी खाऊन, अर्धी तिथेच टाकून गेला. नुसती खाल्ली असती तर एकवेळ क्षमा केली असती. पण प्रत्येकाची चव घेऊन नापसंत केल्यासारखी ती पडली होती. पाचवं वाचलं, कारण ती वेल मातीच्या पट्टीतून निघून ट्रेलरच्या चाकावर, तिथून बोटीच्या कडेवर चढली होती, आणि तवसं बोटीच्या आत, मधल्या फळीवर, मधमाश्यांच्या भोकापासून दोन हातांवर आडवं पडलं होतं. रॅकूनची तिथे जायची हिंमत झाली नसावी. फळीवर त्याच्या पंजाचे ठसे होते, ते अर्ध्यातूनच मागे फिरलेले.

म्हणजे आता अशी परिस्थिती. एकच तवसं, ते बोटीत. बोट हलवायची तर वेल तुटणार. बोट न हलवावी तर सरकार. आणि राजनचा लाल गोल अकरा दिवसांवर.

बुधवारी, वीस तारखेला, गावाचा अधिकारी पाहणीला आला. गुरप्रीत सिंग, युनिफॉर्म, हातात पाटी. सुनेत्रा तयारच होती.

"नमस्ते, आंटीजी," तो म्हणाला.

सुनेत्राने त्याच्या दाढीकडे बघितलं. तिच्या डोक्यात जेवढे पांढरे केस होते त्याहून जास्त त्या दाढीत होते. पण वेळ भांडायची नव्हती, निदान त्या मुद्द्यावर नव्हती.

"पहले ये बताइए, कंप्लेंट किसने किया," ती म्हणाली. तिचं हिंदी कुडाळहून थेट निघालेलं, वाटेत कुठेही न थांबलेलं.

"वो हम बता नहीं सकते, आंटीजी. प्रायव्हसी."

"मेरे को मालूम है. सामनेवाला है."

"नहीं जी."

"ये बाजूवाली है?"

गुरप्रीतने पाटीवरचा कागद बघितला. मग तिच्याकडे बघितलं. मग परत कागद. "आपका नाम?"

"सुनेत्रा नेरूरकर. एन, ई, आर..."

"यू, आर, के, ए, आर," त्याने पुढचं स्वतःच पूर्ण केलं आणि अवघडून मान खाजवली. "फिर तो बता सकते हैं. कंप्लेंट तो आपने ही की है, आंटीजी. ग्यारह तारीख, सुबह नौ बजके दस मिनट."

पायरीवर ऊर्मी बसली होती. तिने तोंडावर उशी दाबावी तशी दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि आत पळाली.

सुनेत्राने एक दीर्घ श्वास घेतला. माणसाचा अपमान दुसऱ्याने केला तर त्याला उत्तर देता येतं. स्वतःच्याच विरुद्ध स्वतःच, स्पेलिंगसकट तक्रार केली असेल तर कोणत्या तोंडाने चिडायचं? पण चिडायचं तर होतंच; सहा दिवसांचा राग असा वाया जाऊ देणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर शेजारच्या बाथटबवर पडली.

"और वो?" तिने बोट दाखवलं. "मेरी बोट गुन्हा है, और उनका नहाने का टब चलता है?"

"वो टब नहीं है, आंटीजी. वो प्लांटर है."

"टब है. उसमें नल का भोक भी है."

"उसमें मिट्टी है," गुरप्रीत शांतपणे म्हणाला. "मिट्टी है, पौधे हैं, तो प्लांटर." मग त्याने बोटीत वाकून बघितलं. फळीवरचं तवसं बघितलं, वेल बघितली, टोकाशी चाललेली मधमाश्यांची वर्दळ बघून तो दोन पावलं मागे सरला. "ये क्या, खीरा है? मेरी बीजी भी लगाती थी, मेरी माँ, होशियारपुर में." त्याने पाटी काखेत मारली. "मधुमक्खी मेरा डिपार्टमेंट नहीं है. मैं उनतीस को आऊँगा, आंटीजी. बोट दिखेगी तो लिखना पड़ेगा. बोट नहीं दिखी, तो नहीं लिखूँगा."

तो गेला. आणि सुनेत्रा ड्राइव्हवेवर उभी राहिली, डोक्यात एक कल्पना घेऊन, जी तिला नको होती.

राजन संध्याकाळी आला तेव्हा बोटीजवळ नेहमीप्रमाणे थांबला. त्याने गळाचं नवं रीळ घेतलं होतं, त्याचा खोका त्याच्या काखेत होता. सुनेत्राने सगळं सांगितलं. स्वतःच्या तक्रारीचं सांगितलं, ते तर आधीच ऊर्मीने ऑफिसात फोन करून सांगून टाकलं होतं. बाथटबचं सांगितलं. मातीचं सांगायची वेळ आली तेव्हा मात्र तिच्या तोंडून वाक्य पुरं होईना. ती वेलीची पिकली पानं खुडू लागली.

राजन पंपांचा इंजिनिअर. त्याला अर्धं वाक्य पुरतं. त्याने बोटीच्या मधल्या भागाकडे बघून लांबी, रुंदी, खोली मनाशी धरली.

"वीस पोती लागतील," तो म्हणाला. "तळाला भोकं पाडावी लागतील. पाणी साचलं तर मुळं कुजतात."

"भोकं पाडलीस तर मग ती परत..."

"परत नाही."

"राजन, एक तवसं आहे नुसतं. मी वेल कापते. पुढच्या वर्षी पुन्हा लावीन."

"पुढच्या वर्षी उमाताई पुन्हा विचारेल," तो म्हणाला, आणि खोका पायरीवर ठेवून गॅरेजमध्ये ड्रिल शोधायला गेला.

सुनेत्राला वाटलं होतं की तो भांडेल. त्यासाठी तिने मुद्देही तयार ठेवले होते, त्यात श्रीखंडाचा होता, उन्हाचा होता, अगदी लग्नातल्या मानपानाचाही एक होता. ते सगळे तसेच राहिले.

शनिवारी वीस पोती माती आली. बोटीचं तोंड तेवढं मोकळं ठेवून, मधमाश्यांच्या वाटेत न येता, राजन आणि पुष्करने माती भरली. म्हणजे राजनने भरली आणि पुष्करने बेसिकली सांगितलं. मिसेस लाउंनी न विचारता वीस रोपं आणून लावली, आणि सुनेत्राने त्यांना जो चहा पाजला त्यात चार दिवसांच्या बर्फाची भरपाई म्हणून दुप्पट आलं घातलं. शेवटी राजन घरात गेला, फ्रिज उघडला, श्रीखंडाचा डबा घेऊन आला आणि सगळी गांडुळं त्या मातीत सोडून दिली. मोकळा डबा त्याने नळाखाली धुतला आणि तिच्या हातात दिला. तिने तो कचऱ्यात टाकला. त्यांच्या लग्नाच्या बावीस वर्षांत घरातून बाहेर गेलेला हा पहिला श्रीखंडाचा डबा.

एकोणतीसला गुरप्रीत आला, गाडीतूनच बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं, हात जोडले आणि गेला.

तीस तारखेला राजन तळ्यावर गेला. बोटीशिवाय. डगच्या चुलतभावाचा लाकडी धक्का होता, त्यावर बसून गळ टाकायचा. पहाटे निघाला आणि संध्याकाळी साडेसातला परतला तेव्हा अंगभर डास चावलेले, नाक सोललेलं, आणि बर्फाच्या पेटीत एकच वॉलाय, हातभर. पण तो दारातच उभा राहिला, आत येईना. त्याचं तोंड परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखं.

"पुष्करचा फोन आला होता. म्हणतो, बेसिकली टोरंटोच्या वेळेने अमावस्या दुपारी दोन चाळीसला संपली. म्हणजे आत्ता श्रावण लागला." त्याने पेटीकडे बघितलं. "मी याला पावणेचारला धरला."

सुनेत्राच्या माहेरी श्रावण इतका कडक, की मांजराला हाकलून देत. ती उंबरठ्यावर उभी राहिली. नवऱ्याच्या सोललेल्या नाकाकडे बघितलं. त्याच्या खांद्यावरून ड्राइव्हवेवर बोट दिसत होती, म्हणजे प्लांटर, आणि तिच्यात पानाआडून डोकावणारं, आता चांगलं हातभर झालेलं तवसं.

"तिथी सूर्योदयाची धरतात," ती म्हणाली. "आज सूर्य उगवला तेव्हा अमावस्या होती. श्रावण उद्या सकाळी. पुण्याच्या माणसाने मालवणी माणसाला माशाचं पंचांग शिकवू नये. आत ये, बर्फ वितळतोय."

तिने तुकड्या केल्या, कोकमाचं आगळ लावलं, उमाताईंनी पाठवलेला मसाला लावला, रव्यात घोळवून तळल्या. राजन समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता. ऊर्मीने तीन तुकड्या संपवल्या. सुनेत्राने एक खाल्ली. मग दुसरी घेतली.

"कसा लागतोय?" राजनने विचारलं.

"काटे कमी आहेत," ती म्हणाली. तेवढंच. चौदा फुटी बोट गेली म्हणून काही माणूस लगेच तत्त्वं सोडत नाही.

गणपती एक सप्टेंबरला आले. तवसं राजनने स्वतः कापलं, दोन्ही हातांवर घेऊन आत आणलं. वजन साडेचार किलो, पिवळट तपकिरी, अंगावर बारीक जाळी. चौकट त्याच्या वजनाने थोडी वाकली, म्हणून राजनला जादा हूक ठोकावा लागला. प्लॅस्टिकचं तवसं बेसमेंटमध्येच राहिलं. आरती झाली, प्रसाद झाला, आणि सकाळी आठ वाजता, म्हणजे कुडाळला संध्याकाळी साडेपाचला, सुनेत्राने लॅपटॉप मूर्तीपुढे धरला. जांभळी पैठणी नेसली होती. 

उमाताईंनी दर्शन घेतलं. नमस्कार केला. मग चष्मा पुसून, कॅमेऱ्याजवळ येऊन वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"यंदाचं प्लॅस्टिक चांगलं आहे गो," त्या म्हणाल्या. "अगदी खऱ्यासारखं. महाग पडलं असेल."

सुनेत्राचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मे ते सप्टेंबर एवढ्या गोष्टींवर ती चिडली होती, पण आता, जेव्हा खरंच हक्काने चिडायचं होतं, तेव्हा शब्दच सापडेनात. डोळ्यांत पाणी आलं, ते तिला सगळ्यात जास्त अपमानाचं वाटलं.

राजनने तिच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला. सोवळ्यातच, अनवाणी, तो दार उघडून बाहेर गेला आणि ड्राइव्हवेवर बोटीपुढे उभा राहिला. मागून सुनेत्रा, मागून ऊर्मी.

"ताई, ही बघ वेल," तो म्हणाला. "हा बघ देठ, कालच कापलेला, ओला आहे अजून. ही बघ पानं. आणि या मधमाश्या, मोजून घे हव्या तर. प्लॅस्टिकवर बसतात मधमाश्या?" एवढं सलग बोलताना त्याला उमाताईंनी गेल्या वीस वर्षांत ऐकलं नसावं.

 टोकाच्या भोकातून मधमाश्या जात-येत होत्या. मिसेस लाउ पाण्याची झारी घेऊन आपल्या बाथटबपाशी थबकल्या होत्या, आणि काय चाललंय ते न कळताही त्यांनी जोराने मान हलवून दुजोरा दिला.

"ते कळलं रे," उमाताई अखेर म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता. "पण ही बोट ना? तूच फोटो पाठवला होतास, मासे धरायला घेतली म्हणून. हिच्यात माती कशी?"

 राजनने लॅपटॉप थोडा खाली घेतला.

"अरे, म्हणजे बोट घेऊन मासा नाहीच मिळाला तुला?"

सुनेत्राने पदराने डोळे पुसले, पुढे झाली आणि नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली.

"मिळाला ना, ताई," ती म्हणाली. "अमावस्येलाच खाल्ला. अगदी सरंग्यासारखा."